झडतीचा छेद

"ए, बाजूला घे. चावी काढ."

"काका, तुम्ही निघा."

ही दोन्ही वाक्यं मी एकाच हवालदाराच्या तोंडून जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं ऐकली. रात्री साडेदहाची नाकाबंदी. लोखंडी बॅरिकेड तिरकी लावून एका वेळी एकच गाडी जाईल एवढी फट ठेवलेली. ठाणे जिल्ह्यातला कुठलाही नाका डोळ्यांसमोर आणा. नेमका कुठला ते सांगत नाही. माझ्यापुढे स्प्लेंडरवर दोन पोरं, त्यांच्यापुढे ताडपत्री बांधलेला छोटा हत्ती टेम्पो, सगळ्यात पुढे पांढरी एसयूव्ही. एसयूव्हीची काच खाली झाली, "या साहेब" झालं, गाडी गेली. छोट्या हत्तीची ताडपत्री सोडायला लावली. पोरांना उतरवलं, सीटखालचं सामान काढायला लावलं आणि मग प्रश्न आला, "नाव काय? नुसतं नको, पूर्ण नाव सांग." माझ्या स्कूटरची डिकी कुणी उघडली नाही. उघडली असती तर मेथीची एक जुडी निघाली असती.

यात भेदभाव होता का? मला तर वाटला. पण मला वाटला याला पुराव्यात किंमत नाही. पोरांची नंबरप्लेट वाकवलेली असेल. टेम्पोबद्दल आधी खबर असेल. माझे पांढरे केस पाहून हवालदारानं हिशेब केला असेल की हा माणूस फार तर बायकोची बोलणी खाईल, चरस नेणार नाही. एका रात्रीवरून काहीच ठरत नाही. हजार रात्रींवरून तरी ठरेल का, आणि ठरवायचं तर कसं, हा या प्रकरणाचा विषय आहे. गेली तीसेक वर्षं अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ त्यावर डोकं खाजवत आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या एका वकिलापासून करू. 1992 च्या मे महिन्यात रॉबर्ट विल्किन्स हा कृष्णवर्णीय तरुण शिकागोहून आजोबांचे अंत्यसंस्कार उरकून भाड्याच्या गाडीतून नातेवाइकांसोबत वॉशिंग्टनला परतत होता. मेरीलँड राज्यात पोलिसांनी गाडी थांबवली आणि झडती घेऊ द्या म्हणाले. विल्किन्स हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला, त्याला आपला हक्क ठाऊक. त्यानं नकार दिला. मग कुत्रा मागवला. भर पावसात सगळ्यांना रस्त्याकडेला उभं करून कुत्र्यानं गाडी हुंगली. काही सापडलं नाही. विल्किन्सनं खटला भरला आणि 1995 मध्ये तडजोड झाली. तडजोडीत एक कलम असं होतं की यापुढे प्रत्येक झडतीची नोंद राज्य पोलीस ठेवतील, चालकाच्या वंशासकट. पुढे हा वकील संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाला. पण अभ्यासकांच्या दृष्टीनं त्याची खरी कमाई ती नोंदवही.

वही आली आणि एक आकडा समोर आला: आय-95 या महामार्गावर ज्यांची झडती झाली, त्यांतले साधारण 63 टक्के कृष्णवर्णीय. आकडा धक्कादायक खरा, पण तो नुसता अंश आहे. शाळेत अपूर्णांक शिकवताना बाईंनी सांगितलेलं आठवा, छेद माहीत नसेल तर अंशाला अर्थ नाही. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांतच 63 टक्के कृष्णवर्णीय असतील तर तक्रार संपली. हा छेद शोधायचं काम जॉन लॅम्बर्थ या मानसशास्त्रज्ञानं केलं. माणसं गाडीत बसवली, महामार्गावर ठरावीक वेगानं गाडी चालवायला लावली आणि ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत कोण बसलंय ते टिपायला सांगितलं. पाच हजारांहून जास्त गाड्या मोजल्यावर कृष्णवर्णीय चालक निघाले 17 टक्क्यांच्या आसपास. आणि वाहतुकीचा काही ना काही नियम मोडणारे? जवळपास सगळेच. म्हणजे पोलिसानं मनात आणलं तर थांबवायला कारण प्रत्येक गाडीत होतं.

रस्त्यावर 17-18, झडतीत 63. प्रकरण संपलं, असं तुम्हाला वाटेल. अर्थशास्त्रज्ञांना वाटलं नाही.

त्यांचं म्हणणं असं. पोलिसाला माल पकडायचाय. एखाद्या गटात माल नेणारे खरोखरच जास्त असतील तर तो त्या गटाकडे जास्त वळेल; त्यात आकस नसेल, हिशेब असेल. मग आकस ओळखायचा कसा? गॅरी बेकर यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात भेदभावाकडे पाहण्याची एक युक्ती दिली होती: निर्णयाकडे बघू नका, निर्णयाचं फळ बघा. ती झडतीला लावली की प्रश्न असा होतो: ज्यांची झडती घेतली त्यांतल्या शंभरांपैकी किती जणांकडे खरंच काही सापडलं? एका गटाच्या शंभर झडत्यांत चाळीस वेळा माल सापडतो आणि दुसऱ्या गटाच्या शंभरांत दहाच वेळा, तर दुसऱ्या गटाला उगाचच उतरवलं जातंय. नोल्स, पर्सिको आणि टॉड या तिघांनी 2001 मध्ये मेरीलँडच्या 1,590 झडत्यांना ही कसोटी लावली. हिट रेट, म्हणजे माल सापडलेल्या झडत्यांचं प्रमाण, निघाला कृष्णवर्णीयांत 34 टक्के, गोऱ्यांत 32. जवळजवळ सारखा! या कसोटीपुरते पोलीस निर्दोष. हिस्पॅनिक चालकांच्या बाबतीत मात्र 11 टक्केच, आणि तिथं ही कसोटी पोलिसांच्या विरुद्ध गेली.

कसोटी इतकी सुटसुटीत की तिच्या प्रेमात पडावं. पण तिला भोक आहे, आणि ते आपल्याच रस्त्यावर आणून पाहू.

समजा आपल्या नाक्यावर दोन प्रकारचे चालक येतात, टेम्पोवाले आणि कारवाले. कारवाल्यांत बहुतेक जण साधे, त्यांच्याकडे काही सापडायची शक्यता शंभरात पाच. थोडे लोक मात्र अगदी उघड संशयास्पद, शक्यता शंभरात ऐंशी. टेम्पोवाल्यांतही बहुतेक साधे, शंभरात पाच. थोडे संशयास्पद, पण त्यांची शक्यता शंभरात चाळीसच. हवालदार सरळ माणूस आहे. त्याचा एकच नियम: शक्यता विसाच्या वर वाटली तर उतरवायचं, गाडी कुणाचीही असो. कारवाल्यांत हिट रेट येईल 80, टेम्पोवाल्यांत 40. कसोटी ओरडेल, टेम्पोवाल्यांवर अन्याय! आणि हवालदारानं तर सगळ्यांना एकाच मापानं मोजलंय.

आता उलटं करू. हवालदार आकसाचा आहे. कारवाल्याला तो शक्यता साठ असली तरच उतरवतो, टेम्पोवाल्याला तिसावरच. संशयास्पद कारवाले सगळे साठाचेच, तर त्यांचा हिट रेट 60. संशयास्पद टेम्पोवाले निम्मे तिसाचे आणि निम्मे नव्वदाचे, तर त्यांची सरासरीही 60. कसोटी म्हणेल, ठीक आहे, पुढे चला. पण ज्या तिसाच्या टेम्पोवाल्याला ताडपत्री सोडावी लागली, त्याच्याइतक्याच संशयाच्या कारवाल्याला कुणी हातही लावला नसता. सरासरीला काठावरचा माणूस दिसत नाही, आणि भेदभाव नेमका काठावरच होतो.

तेव्हा मोजायचं ते सरासरीला नाही, उंबरठ्याला: कोणत्या गटासाठी पोलिसाच्या मनातला संशयाचा उंबरठा किती खाली आहे? तो उंबरठा थेट दिसत नाही. झडत्यांचं प्रमाण आणि हिट रेट दोन्ही एकत्र घेऊन गणितानं काढावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटानं ही पद्धत बसवली आणि 2020 मध्ये अमेरिकेतल्या जवळपास 10 कोटी वाहतूक थांबवण्यांच्या नोंदी तिच्यातून काढल्या. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांची झडती गोऱ्यांपेक्षा कमी पुराव्यावर घेतली जाते, असा निष्कर्ष आला. 10 कोटी नोंदी! आपण इथं एका रात्रीच्या नोंदीसाठी तडफडतोय.

कारण आपल्याकडे झडतीचा कागद बनतो तो काही सापडल्यावर. पंच बोलावले जातात, पंचनामा होतो, त्यात "खात्रीलायक बातमीदारामार्फत बातमी मिळाल्याने" हे वाक्य येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नं झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही आणलं. पण डिकी उघडली, मेथीची जुडी दिसली, डिकी बंद केली, "चला" म्हटलं, याचा कागद कुठं होतो? अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 50 अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क देतं, आणि तो हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये बजावलं. पण 2005 च्या एका निकालानुसार 'अंग' म्हणजे अंगच, हातातली बॅग त्यात येत नाही, मग डिकी तर लांबच राहिली. इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्यापासून झडतीची लेखी नोंद करावी लागते आणि झडती झालेल्याला तिची प्रत मागता येते, हातात काही सापडलेलं असो वा नसो. आपल्याकडे रिकाम्या हातांनी संपलेली झडती झालीच नव्हती, असं कागद म्हणतात. म्हणजे हिट रेट काढायला गेलात तर तो शंभर टक्के येईल.

आता आमच्या बाजूच्या तीन गावांकडे येऊ. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ 4 मध्ये येतात. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आज टॉवर बघता हे आकडे जुन्या पाटीसारखे वाटतात. युद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला दारूगोळा कारखाना आणि एमआयडीसीनं देशभरचे कामगार आणले. बदलापुरात मुळातले आगरी-कुणबी, आणि मग मुंबईतल्या घराच्या किमतींनी ढकललेले सगळे. इथं वंश हा शब्दच कुचकामी आहे. कातडीच्या रंगावरून हवालदाराला काही कळत नाही. त्याला कळतं ते आडनावावरून, बोलीवरून, दाढीवरून, कपड्यांवरून, आणि खरं सांगायचं तर गाडीवरूनच. इकडच्या गाड्या बोलक्या आहेत. मागच्या काचेवर 'आगरी-कोळी', टाकीवर 'जय भीम', टेम्पोच्या कपाळावर '786', रिक्षात झुलेलाल, बंपरवर 'राजे'. एमएच 05 म्हणजे कल्याण आरटीओचा, आपला. यूपीची पाटी म्हणजे थांब. आणि 'पोलीस' किंवा 'प्रेस' लिहिलेल्या गाडीला मी अजून ताडपत्री सोडताना पाहिलेलं नाही.

अभ्यासकाची इथं पंचाईत होते. अमेरिकेतल्या वहीत वंशाचा रकाना आहे. आपल्याकडे तो आडनावातून काढावा लागेल. ते अशक्य नाही. ई-कोर्ट्सच्या 2010 ते 2018 च्या फौजदारी खटल्यांच्या लाखो नोंदी घेऊन अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं नावांवरून आरोपी आणि न्यायाधीश यांचा धर्म संगणकाकडून ओळखवला आणि न्यायाधीश आपल्या धर्माच्या आरोपीला झुकतं माप देतात का ते तपासलं. तसं झुकतं माप जवळपास सापडलं नाही. बातमी चांगली आहे, पण ती न्यायालयाच्या दारापासून पुढची. दारापर्यंत कुणाला आणलं गेलं, यावर ती काही बोलत नाही. आणि आडनावांचं म्हणाल तर आमच्याकडे संगणकानं नुसते हात टेकावेत. पाटील हा आगरी असेल, मराठा असेल, जैन असेल, कोकणातला मुसलमानही असेल. गायकवाड म्हटलं की बडोद्याचा राजवाडाही आठवतो आणि भीमनगरची गल्लीही. हवालदार म्हणूनच "पूर्ण नाव" विचारतो; वडिलांच्या नावावर त्याची खात्री होते.

नोंदच नसेल तर काय करायचं, याचं सगळ्यात उपयोगी उत्तर मला पॅरिसमध्ये सापडलं. फ्रान्समध्येही पोलीस वंशाची नोंद ठेवत नाहीत. 2007-08 मध्ये संशोधकांनी गार द्यू नोर आणि शातले-ले आल या दोन मोठ्या स्थानकांच्या परिसरात पाच जागा निवडल्या, गर्दीत माणसं उभी केली आणि आधी जाणारे-येणारे मोजले, 37 हजारांहून जास्त. तो छेद. मग पोलिसांनी थांबवलेले 525 जण टिपले. तो अंश. कृष्णवर्णीयांना थांबवलं जाण्याची शक्यता गोऱ्यांच्या 3.3 ते 11.5 पट, अरब दिसणाऱ्यांना 1.8 ते 14.8 पट, जागेनुसार. त्यांनी कपडेही टिपले होते, आणि तरुणांच्या विशिष्ट पेहरावाचा असरही वंशाइतकाच मोठा निघाला. ज्या देशात कागद नाही तिथं डोळे आणि धीर पुरतात. विठ्ठलवाडी किंवा अंबरनाथ स्थानकाबाहेर सहा महिने दोन पोरं उभी करणं कुठल्याही महाविद्यालयाला परवडेल. चहाचा खर्च धरून.

आणखी एक पद्धत आहे, अंधाराची. थांबवण्याआधी चालकाचा चेहरा दिसत नसेल तर चेहऱ्यावरून भेदभाव करता येणार नाही. 2006 मध्ये ग्रॉगर आणि रिजवे यांनी ऑकलंड शहरासाठी हीच युक्ती वापरली: घड्याळातली तीच वेळ घ्यायची, पण एकदा उजेडातली, एकदा अंधारातली. अंधारात कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटलं तर दिवसा चेहरा बघून थांबवलं जात होतं. ऑकलंडमध्ये तेव्हा फारसं काही निघालं नाही. स्टॅनफर्डच्या मोठ्या अभ्यासात मात्र सूर्यास्तानंतर प्रमाण घटलेलं दिसलं. आपल्याकडे हे जमेल? मुंबईच्या आसपास सूर्य नोव्हेंबरअखेर सहाला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. पावणेसातची वेळ धरली तर डिसेंबरात काळोख, जूनमध्ये लख्ख उजेड. पण जूनमध्ये रेनकोट येतो आणि रेनकोटात सगळे सारखे. शिवाय हेल्मेट. शिवाय अंधार झाला तरी '786' रेडियममध्ये चमकतंच. आमच्या कायद्यालाही सूर्यास्ताचं वावडं आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यासाठीच आहे. संशय कशाला म्हणायचं, ते बॅटरी धरणारा ठरवतो.

त्याच्या डोक्यात संशय कुठून येतो? 2019 मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी 21 राज्यांतल्या जवळपास बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारले. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकलेले असतात, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे जवळजवळ निम्मे निघाले. हे पोलिसांनी स्वतः सांगितलेलं आहे. यामागची गोष्ट आणखी जुनी. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणामागे हजेरी घेतली जायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. आजही चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते.

आमच्या शेजारची मिसाल आंबिवलीची. शहाडच्या पुढचं स्टेशन, तिथली इराणी वस्ती. सोनसाखळी चोरीच्या बातम्यांत 'इराणी टोळी' हा शब्द इतका रुळलाय की उपसंपादकाला वेगळं टाइप करावं लागत नसेल. तिथले काही जण पकडले गेले, काहींना शिक्षा झाल्या, हे खरं आहे. पण त्यामुळं त्या वस्तीतून भाजी आणायला निघालेल्या दुचाकीवरच्या पोराची बेरीज कशी बदलते बघा. तो जास्त वेळा थांबवला जातो. जास्त थांबवला गेल्यानं त्या वस्तीतले लोक जास्त सापडतात, मग ते लायसन्स घरी विसरल्याचं का असेना. सापडल्याचा आकडा वाढतो. पुढच्या वेळी थांबवायला आकडा हजर. दुसऱ्या कुठल्या वस्तीत तितक्याच वेळा बॅटरी मारली असती तर किती सापडलं असतं, ते कुणालाच ठाऊक नाही, कारण बॅटरी तिकडे वळलीच नाही.

यातून सुटायचा एक रांगडा मार्ग म्हणजे चिठ्ठी टाकणं. मेक्सिकोच्या विमानतळांवर कस्टमकडे प्रवाशाला बटण दाबायला लावायचे. हिरवा दिवा लागला तर जा, लाल लागला तर बॅग उघड. दर दहावी गाडी, मग ती कुणाचीही असो, थांबवली तर छेद आपोआप हाती येतो. आपल्या पोलिसांना चिठ्ठीची अॅलर्जी आहे असंही नाही. राजस्थानात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पोलिसांबरोबरच केलेल्या प्रयोगात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचे नाके कुठं आणि कधी लावायचे ते चिठ्ठीनं ठरवलं होतं. नाका एकाच जागी ठेवण्याऐवजी फिरता ठेवला तिथं रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी घटले. 31 डिसेंबरला तर आपल्याकडेही जवळपास प्रत्येकाला नळीत फुंकायला लावतात, आणि त्या रात्री एसयूव्हीवाल्यालाही "साहेब, फुंका" म्हणावंच लागतं.

'फुंका'वरून मूळ मुद्द्याकडे येतो. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्याच भाषाशास्त्रज्ञांनी ऑकलंड पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांतून 981 थांबवण्यांतलं बोलणं उतरवून घेतलं आणि पोलीस किती आदरानं बोलतात ते संगणकाकडून मोजलं. इंग्रजीत आदर शोधायला त्यांना 'सर', 'प्लीज', 'सॉरी', आडनाव अशा कितीतरी खुणा एकत्र कराव्या लागल्या. गोऱ्यांशी पोलीस जास्त आदरानं बोलत होते, गुन्हा सारखा असतानाही. मराठीत एवढा खटाटोप नको. क्रियापदाचा शेवट ऐकला की पुरे: घे की घ्या, उतर की उतरा, काढ की काढा. हिंदीवर गेला तरी तू आणि आप आहेतच. वयाचा फरक वजा करावा लागेल, पांढऱ्या केसांना 'घ्या' मिळतोच. पण वीस वर्षांच्या दोन पोरांत एकाला 'घे' आणि दुसऱ्याला 'घ्या' मिळत असेल तर मधला फरक कशाचा, ते शोधायला संख्याशास्त्रज्ञ लागणार नाही. माझी सूचना कुणी मनावर घेईल तर नाक्यावर मोजणाऱ्या पोरांच्या वहीत हा रकाना पहिला असावा.

वहीचा आणखी एक पेच आहे, आणि त्यावर माझं मत अजून डळमळतं. भेदभाव मोजायचा तर झडती झालेल्याचा धर्म, जात कुठंतरी लिहावी लागणार. ठाण्याच्या टेबलावर अशी यादी तयार झाली, की ती मोजण्यापुरतीच राहील याची हमी कोण देणार? 1871 ची सुरुवातही नावांच्या रजिस्टरनंच झाली होती. इंग्लंडमध्ये झडती झालेला माणूस स्वतःचा वंश स्वतः सांगतो. आपल्याकडे "जात सांग" हे वाक्य खाकी वर्दीतून आलं तर ते प्रश्न म्हणून कुणाला ऐकू येईल असं मला वाटत नाही. म्हणून मी पॅरिसवाल्यांच्या बाजूचा: मोजणारा बाहेरचा असावा आणि त्याच्या वहीत नाव नसावं.

त्या रात्री मी निघालो नाही. पुढच्या पानटपरीवर थांबून पाहत राहिलो. ताडपत्रीखाली उल्हासनगरहून निघालेले जीन्सचे गठ्ठे होते. पावती दाखवल्यावर टेम्पो सुटला. स्प्लेंडरवरच्या पोरांचं पूर्ण नाव ऐकून हवालदारानं दुसऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून पुन्हा सीट बघितली, खिसे चाचपले, मग "जा" म्हणाले. थोड्या वेळानं हवालदार टपरीवर चहाला आला तेव्हा मी विचारलं, "साहेब, आज किती गाड्या तपासल्या?"

त्यानं वही उघडून दाखवली. पानावर दोन नंबर होते. एकाकडे लायसन्स नव्हतं, दुसऱ्यानं हेल्मेट घातलं नव्हतं.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांत काय लिहायचं, काका? काही मिळालंच नाही."